एटीव्हीच्या सस्पेन्शन स्प्रिंगा घरी बदलताना: आधी टेप, मग पाना

एटीव्हीच्या (कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या उघड्या चारचाकी गाडीच्या) स्प्रिंगा बदलणं हे मुळात नट-बोल्टचं काम आहे. शॉक (धक्के झेलणारा, स्प्रिंग बसवलेला भाग) उतरवायचा, जुनी स्प्रिंग काढायची, नवी चढवायची, शॉक जागेवर लावायचा. तरीही घरी केलेलं हे काम वारंवार फसतं. गाडी पुढून उंच आणि मागून बसलेली राहते, किंवा नव्या महागड्या स्प्रिंगांवरही जुन्यासारखीच आदळते. कारण बहुतेक वेळा एकच असतं: काम सुरू करण्याआधी काही मोजलेलं नसतं, आणि स्प्रिंग बसली की काम संपलं असं समजून सॅग (वजनाखाली सस्पेन्शन किती खाली बसतं ते माप) लावलेला नसतो. मधल्या टप्प्यातली चूक मात्र माणसाच्या हाताला आणि चेहऱ्याला लागते. दाबलेली स्प्रिंग नीट न धरता सोडणं, ही ती चूक.

इथे सांगितलेली पद्धत शॉकभोवती गुंडाळलेल्या कॉइल स्प्रिंगांसाठी आहे. पुढे दोन ए-आर्म (चाक फ्रेमला जोडणारे, वर-खाली हलणारे हात) आणि मागे दोन स्वतंत्र शॉक, किंवा मागे स्विंगआर्मला (मागची चाकं धरणाऱ्या एकाच झुलत्या हाताला) एकच शॉक, अशा दोन्ही रचनांना ती लागू पडते. हवेवर चालणारे शॉक वेगळे. त्यांना ही पद्धत लावू नका.

## १. दोष स्प्रिंगचाच आहे का?

खड्ड्यातून गेल्यावर गाडी दोन-तीनदा वर-खाली डोलत राहत असेल, तर दोष डॅम्परचा (स्प्रिंगचं डोलणं थांबवणाऱ्या, शॉकमधल्या तेलाच्या भागाचा) आहे. शॉकच्या दांड्यावर तेलाचा ओला थर दिसत असेल, तर सील गेलं आहे. नवी स्प्रिंग यातलं काहीच दुरुस्त करत नाही, उलट कडक स्प्रिंगने थकलेला डॅम्पर आणखी उघडा पडतो.

स्प्रिंगची लक्षणं निराळी. गाडी रिकामी असतानाही खाली बसलेली दिसते, प्रीलोड (शॉकवर बसवतानाच स्प्रिंगला दिलेला दाब) शेवटपर्यंत कसूनही उंची येत नाही, नेहमीच्याच वजनावर तळ लागतो, किंवा सरळसरळ एखादा वेढा तुटलेला असतो.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या. पोलादी स्प्रिंग जुनी झाली म्हणून तिचा कडकपणा फारसा घटत नाही. तिची मोकळी लांबी घटते, ती 'बसते'. म्हणून वजन पूर्वीइतकंच असेल तर मूळ रेटचीच (रेट म्हणजे स्प्रिंग एक मिमी दाबायला लागणारा जोर, तिचा कडकपणा) नवी स्प्रिंग पुरते. जास्त कडक स्प्रिंग तेव्हाच घ्या, जेव्हा विंच, जड बंपर, रॅकवरचं सामान असं कायमचं वजन वाढलेलं असेल.

## २. पाना हातात घेण्याआधीची मोजमापं

हा टप्पा गाळणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी, म्हणून इथे थोडा वेळ घालवू.

पहिल्यांदा टायरची हवा. एटीव्हीचे टायर फार कमी दाबावर चालतात, साधारण ३ ते ७ पीएसआय. एवढ्या कमी दाबात एखाद्या पीएसआयचा फरकही उंचीत दिसतो. कारच्या गेजवर हा फरक नीट वाचता येत नाही, कमी दाबाचा गेज वापरा. चारही टायर मॅन्युअलमधल्या दाबावर आणा आणि गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करा.

आता प्रत्येक चाकासाठी तीन मापं घ्यायची. चाकाच्या मध्यापासून सरळ वर, फ्रेमवरच्या एका पक्क्या बिंदूपर्यंत. बिंदूवर चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा, म्हणजे नंतर तोच बिंदू सापडेल. प्लास्टिकच्या फेंडरपर्यंत मोजू नका, तो हलतो.

- पहिलं माप: गाडी फ्रेमखालून उचललेली, चाक पूर्ण लटकलेलं.
- दुसरं माप: गाडी स्वतःच्या वजनावर जमिनीवर उभी.
- तिसरं माप: चालवणारा पूर्ण पोशाखात, नेहमीच्या सामानासह, नेहमीच्या बैठकीत बसलेला.

दुसरं आणि तिसरं माप दोनदा घ्या: एकदा गाडी खाली दाबून हळूच वर येऊ द्या आणि मोजा, एकदा वर उचलून हळूच खाली बसू द्या आणि मोजा. बुश (सांध्यातल्या बोल्टभोवतीचं अस्तर) आणि सीलच्या घर्षणामुळे दोन्ही आकडे वेगळे येतील. त्यांची सरासरी धरा.

पहिल्यातून दुसरं वजा केलं की रिकाम्या गाडीचा सॅग मिळतो. पहिल्यातून तिसरं वजा केलं की चालकासह सॅग. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. नसेल तर चालकासह सॅग चाकाच्या एकूण प्रवासाच्या २५ ते ३३ टक्के हे चांगलं लक्ष्य आहे. चाकाचा प्रवास २४० मिमी असेल, तर ६० ते ८० मिमी.

शेवटी शॉकवरचं माप. प्रीलोडची कॉलर (स्प्रिंगच्या टोकाला टेकलेली, फिरवून प्रीलोड बदलणारी कडी) आट्यांवर फिरणारी असेल, तर कॉलरच्या वर किती मिमी आटे उघडे आहेत ते लिहा. पायऱ्यांची कॉलर असेल, तर ती कितव्या पायरीवर आहे ते लिहा. दोन्ही प्रकारांत बसवलेल्या स्प्रिंगची लांबी वरच्या बैठकीपासून खालच्या बैठकीपर्यंत मोजा. आणि फोटो काढा: शॉकचं वरचं टोक कुठल्या बाजूला, बोल्टचं डोकं कुठे, गॅसची टाकी असेल तर ती कुठे वळलेली, ब्रेकची नळी कुठून जाते.

तपासा: हे सगळे आकडे कागदावर आहेत का? 'लक्षात राहील' हे इथे चालत नाही.

## ३. योग्य स्प्रिंग निवडणं

नवी स्प्रिंग जुन्या बैठकीत बसते, एवढ्यावर ती योग्य ठरत नाही. चार गोष्टी जुळवायच्या: आतला व्यास, मोकळी लांबी, रेट आणि पूर्ण दबल्यावरची उंची.

रेट तीन एककांत छापलेला असतो आणि गोंधळ तिथे होतो. १ किलो प्रति मिमी म्हणजे सुमारे ५६ पौंड प्रति इंच. १ न्यूटन प्रति मिमी म्हणजे सुमारे ५.७ पौंड प्रति इंच. जुन्या स्प्रिंगवरचा आकडा पुसला असेल, तर 'जरा जाड तारेची घेऊ' असा अंदाज करू नका. रेट तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून तार १० टक्के जाड केली, तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते.

पूर्ण दबल्यावरची उंची हा दुर्लक्षित मुद्दा. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले की ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडाचा ठोकळा होते, आणि सगळा धक्का शॉकच्या बैठकीवर जातो. हिशोब सोपा आहे. मोकळी लांबी २६० मिमी, प्रीलोड १० मिमी, शॉकचा स्ट्रोक (दांडा आत जाण्याचं एकूण अंतर) १०० मिमी असेल, तर पूर्ण दाबात स्प्रिंगला १५० मिमी जागा उरते. तार १० मिमीची आणि वेढे १२ असतील तर टेकलेली उंची १२० मिमी, म्हणजे ३० मिमी शिल्लक. वेढे १५ असतील तर शिल्लक शून्य; ती स्प्रिंग परत करा.

काही शॉकवर एकावर एक दोन स्प्रिंगा असतात, मधे प्लास्टिकची सरकती कडी. तिथे पूर्ण संच एकत्रच घ्या; एक नवी, एक जुनी असं मिश्रण करू नका. आणि कुठल्याही परिस्थितीत एका अक्षावरच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा एकदमच बदला.

सावधान: स्प्रिंग कापणं, तापवून 'बसवणं', वेढ्यांमध्ये रबराचे ठोकळे अडकवणं, हे उपाय नाहीत. तापवल्याने पोलादाची तासीर जाते. कापल्याने टोक बैठकीत बसत नाही आणि उरलेली स्प्रिंग आणखी कडक होते.

## ४. हत्यारं आणि तयारी

आदल्या दिवशी गाडी धुवा आणि शॉकच्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. कॉलरचे आटे नायलॉनच्या ब्रशने स्वच्छ करा. ॲल्युमिनियमच्या आट्यांत वाळू असताना कॉलर फिरवली, तर आटे खरवडून जाम होतात आणि मग अख्खा शॉक बदलण्याची वेळ येते.

लागणारी हत्यारं: जॅक, फ्रेमला आधार देणारे दोन भक्कम स्टँड, चाकाला अडवणारे ठोकळे, टॉर्क रेंच (ठरावीक जोराइतकाच बोल्ट कसणारा पाना), कॉलरचा हुक पाना, मऊ जबड्यांचा वाईस आणि स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर.

कॉम्प्रेसरबद्दल स्पष्ट सांगतो. कारसाठीचे दोन दांड्यांचे कॉम्प्रेसर एटीव्हीच्या लहान व्यासाच्या स्प्रिंगवर बरेचदा पूर्ण बसत नाहीत. हूक वेढ्याला अर्धवटच पकडतो. मोटारसायकलच्या शॉकसाठी बनवलेला, बाकावर पक्का बसणारा कॉम्प्रेसर मिळत असेल तर तोच भाड्याने किंवा उसना घ्या. पट्टे आणि दोऱ्या वापरून स्प्रिंग दाबू नका. ४० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग ६० मिमी दाबली की तिच्यात २४०० न्यूटन, म्हणजे सुमारे २४५ किलोचा जोर साठलेला असतो.

## ५. गाडी उचलणं

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. जे टोक उचलायचं नाही त्याच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. गिअरवर किंवा पार्किंग ब्रेकवर विसंबू नका. तो ब्रेक मागच्या चाकांवर चालत असेल आणि तीच हवेत असतील तर त्याचा उपयोग शून्य.

जॅक फ्रेमखाली लावा, ए-आर्मखाली नाही. सस्पेन्शन पूर्ण लटकलं पाहिजे, तरच स्प्रिंगवरचा भार कमीत कमी होतो. मग फ्रेमखाली स्टँड लावा, गाडी त्यावर उतरवा आणि हाताने जोरात हलवून पाहा. हलते? पुन्हा लावा.

## ६. शॉक उतरवणं

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू तुमचा नमुना आहे. वॉशर कुठला कुठे, हा प्रश्न तिच्याकडे पाहून सुटतो.

१. चाक काढा. हबखाली किंवा खालच्या ए-आर्मखाली लाकडी ठोकळा अथवा दुसरा छोटा जॅक लावा. शॉक निघाला की ए-आर्म एकदम खाली पडतो, आणि ताण ब्रेकच्या नळीवर व फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत सीव्ही जॉइंटवर (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या वळत्या सांध्यावर) येतो. मागे एकच शॉक असेल तर मागच्या चाकांखाली ठोकळे ठेवा.

२. अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंची चाकं जोडून गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) असेल तर त्याची लिंक सोडा. ती जोडलेली असताना समोरची बाजू या बाजूला ओढत राहते आणि बोल्ट का निघत नाही ते कळत नाही.

३. आधी खालचा बोल्ट. नट काढा आणि छोटा जॅक थोडा थोडा वर-खाली करत बोल्ट बोटांनी फिरतोय का ते पाहा. सहज फिरला म्हणजे भार उतरला, आता तो हाताने निघेल. अडकलेला बोल्ट ठोकायचाच असेल तर नट टोकाशी सपाट लावून लाकडाच्या आधाराने ठोका, नाहीतर आटे चपटे होतात.

४. मग वरचा बोल्ट. शॉक बाहेर आल्यावर बोल्ट, वॉशर, बुश ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एका तारेत ओवा.

## ७. जुनी स्प्रिंग काढणं

शॉक मऊ जबड्यांत, फक्त डोळ्याच्या (टोकाच्या, बोल्ट जाणाऱ्या गोल कडीच्या) जागी धरा. नळी वाईसमध्ये दाबली तर ती चेपते आणि आतला पिस्टन अडकतो.

कॉलर आट्यांची असेल तर आधी लॉक रिंग सोडा, आट्यांवर तेल लावा आणि कॉलर हुक पान्याने शेवटपर्यंत मागे घ्या. बऱ्याच शॉकवर एवढ्यानेच स्प्रिंग सैल होते आणि कॉम्प्रेसर लागतच नाही. स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने कॉलर ठोकत फिरवण्याची सवय मात्र सोडा, खाचा तुटतात.

कॉलर पायऱ्यांची असेल तर ती सर्वांत कमी प्रीलोडच्या पायरीवर आणा. इथे कॉम्प्रेसर लागणारच. हूक समोरासमोर, जास्तीत जास्त वेढे मधे येतील असे लावा. दांड्याच्या आट्यांना ग्रीस लावा. मग दोन्ही बाजू आळीपाळीने, समान फेरे देत कसा. एका बाजूने स्प्रिंग धनुष्यासारखी वाकायला लागली तर तिथेच थांबा, सैल करा, हूक पुन्हा लावा.

सावधान: कॉम्प्रेसरवर इम्पॅक्ट गन चालवू नका, आटे तापून झिजतात आणि कोणत्या क्षणी सुटतील ते कळत नाही. डोळ्यांवर चष्मा ठेवा. शॉकच्या टोकांच्या सरळ रेषेत उभे राहू नका, बाजूला उभं राहून काम करा.

रिटेनर (स्प्रिंगचं टोक शॉकवर धरून ठेवणारी चकती) सैल होऊन बाहेर सरकेल, एवढंच दाबायचं, त्यापुढे नाही. रिटेनर काढला की कॉम्प्रेसर तसाच हळूहळू, समान फेऱ्यांनी सोडा. दाबलेली स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये तशीच ठेवून जेवायला जाऊ नका.

## ८. उघडा शॉक तपासणं

स्प्रिंगशिवाय शॉक हातात येण्याची हीच संधी. दांडा आत दाबा. संपूर्ण प्रवासात विरोध सलग हवा. मधेच पोकळ लागलं तर आत तेल कमी आहे किंवा हवा शिरली आहे. गॅस भरलेला शॉक असेल तर सोडल्यावर दांडा आपोआप बाहेर यायला हवा.

दांड्यावरून नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल तर तो सील खाणारच. बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबताना आदळ झेलणारा दांड्यावरचा मऊ ठोकळा) भेगाळला असेल तर आत्ताच बदला. टोकांच्या बुशमध्ये वर-खाली ढिलाई असेल तर तीही आत्ताच.

सावधान: गॅसचा शॉक घरी उघडू नका. आत दाबाखालचा नायट्रोजन असतो आणि तो पुन्हा भरायला खास साधन लागतं. दोष दिसला तर शॉक दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या; त्याच वेळी नव्या रेटप्रमाणे डॅम्पिंगही जुळवून घेता येईल.

## ९. नवी स्प्रिंग चढवणं

दिशा जुनीच ठेवा. दोन स्प्रिंगांचा संच असेल तर छोटी ज्या टोकाला होती त्याच टोकाला, आणि मधली कडी विसरू नका. दाट आणि विरळ वेढ्यांची स्प्रिंगही फोटोत होती तशीच.

स्प्रिंग दाबा, रिटेनर सरकवा आणि कॉम्प्रेसर सोडण्याआधी दोन गोष्टी पाहा. स्प्रिंगचं टोक बैठकीतल्या खाचेत नीट टेकलंय का? आणि रिटेनरला एका बाजूने उघडी खाच असेल, तर स्प्रिंगचं टोक त्या खाचेसमोर न येता विरुद्ध बाजूला आहे का? टोक खाचेवर आलं तर रिटेनर तिरका बसतो, आणि पहिल्या मोठ्या उडीत निसटू शकतो.

आट्यांच्या कॉलरवर, स्प्रिंग नुसती टेकल्यावर थोडा प्रीलोड द्या. किती, ते सॅग ठरवेल. सुरुवातीला बसवलेली लांबी जुन्या मापाच्या जवळ ठेवा. मात्र शॉक पूर्ण लांब असताना स्प्रिंग हाताने खुळखुळता कामा नये.

तपासा: शॉक बाकावर उभा करून रिटेनर चारही बाजूंनी पाहा. तो बसलाय याची खात्री झाल्याशिवाय गाडीकडे जायचं नाही.

## १०. परत बसवणं

आधी वरचा बोल्ट, मग खालचा. दोन्ही नट आत्ता फक्त हाताने टेकवा. अँटी-रोल बारची लिंक आणि चाक लावा, नट फुलीच्या क्रमाने टेकवा. दुसरी बाजूही अशीच पूर्ण करा आणि मगच गाडी जमिनीवर उतरवा.

शॉकच्या टोकांना रबरी बुश असतील तर बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे कसा. लटकत्या अवस्थेत कसले तर रबर कायम पीळ घेऊन राहतं आणि लवकर फाटतं. टॉर्कचा आकडा मॅन्युअलमधलाच घ्या, 'हाताच्या अंदाजाने' नाही. नायलॉनचे लॉक नट नवे वापरा. चाकाच्या नटांची निमुळती बाजू रिमकडे आहे ना, हेही पाहून घ्या.

## ११. सॅग लावणं

आता कागद बाहेर काढा. नव्या स्प्रिंगांवर गाडी दहा-बारा वेळा दाबून बसवा आणि दुसऱ्या टप्प्यातली तिन्ही मापं पुन्हा घ्या.

सॅग जास्त असेल तर प्रीलोड वाढवा, कमी असेल तर घटवा. कॉलर फिरवण्याआधी गाडी उचला. भाराखाली कॉलर फिरवल्याने आटे खरवडतात. कॉलर जितकी सरकते त्यापेक्षा चाकाची उंची जास्त बदलते, कारण शॉक चाकापासून आत बसवलेला असतो. शॉक चाकाच्या प्रवासाच्या ०.६ पट हलत असेल, तर कॉलरवरचे ५ मिमी चाकाशी सुमारे ८ मिमी होतात. दोन्ही बाजूंना समान फेरे द्या.

इथला सर्वांत रुजलेला गैरसमज असा की प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते. रेट तोच राहतो, फक्त उंची बदलते. म्हणून स्प्रिंग योग्य आहे का, हे दोन्ही सॅग एकत्र पाहून ठरवा. चालकासह सॅग लक्ष्यावर आणला, पण रिकाम्या गाडीचा सॅग जवळजवळ शून्य झाला, तर स्प्रिंग मऊ आहे आणि तुम्ही तिला प्रीलोडने ओढून धरलं आहे. चालकासह सॅग बरोबर असून रिकाम्या गाडीचाच सॅग त्यातला बहुतेक भाग खात असेल, तर स्प्रिंग कडक आहे.

उंची बदलली की पुढच्या चाकांचा टो (वरून पाहता चाकं पुढच्या बाजूला आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) बदलतो. हबच्या उंचीवर टायरमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा आणि मॅन्युअलशी ताडून पाहा. गाडी मूळ उंचीपेक्षा वर गेली असेल तर सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो आणि आडव्या उतारावर उलटण्याचा धोकाही. दिसायला रुबाबदार वाटते म्हणून ती उंची ठेवू नका.

स्प्रिंग कडक केली असेल आणि शॉकवर रिबाउंडची (दबलेला शॉक परत उलगडण्याचा वेग ठरवणारी) क्लिक असेल, तर ती एक-दोन क्लिक हळू करा. जास्त कडक स्प्रिंग गाडीला जास्त जोराने वर फेकते.

पहिली फेरी ओळखीच्या, मोकळ्या जागेत, कमी वेगाने. स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून ब्रेकची नळी कुठे घासत नाही ना ते पाहा. परत आल्यावर शॉकचे बोल्ट आणि चाकाचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, लॉक रिंग घट्ट आहे का ते पाहा. काही फेऱ्यांनंतर सॅग पुन्हा मोजा. नवी स्प्रिंग सुरुवातीला थोडी बसते, तेवढा प्रीलोड भरून काढा आणि शेवटचे आकडे त्याच कागदावर तारखेसह लिहून ठेवा.